विष एक, वाटा दोन

इंग्रजीत ‘पॉयझन’ आणि ‘व्हेनम’ असे दोन शब्द आहेत. शब्दकोश उघडला, तर दोहोंपुढे बहुधा एकच मराठी प्रतिशब्द दिसतो : विष. स्वतः इंग्रजी बोलणारेही रोजच्या व्यवहारात सापाला ‘पॉयझनस’ म्हणून मोकळे होतात. त्यामुळे हा भेद भाषेच्या तासापुरताच आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भातलावणीचे दिवस सुरू झाले, की हाच भेद रुग्णाच्या जिवाशी येऊन भिडतो.

आपल्या जुन्नर तालुक्यातील घाटघरचे उदाहरण घ्या. नाणेघाटाजवळ, जीवधनच्या पायथ्याशी वसलेल्या या गावापासून जुन्नर सुमारे तीस किलोमीटर दूर आहे. धो धो पाऊस आणि दाट धुके असताना हे अंतर कापायला किती वेळ लागतो, हे तेथील लोकांना सांगण्याची गरज नाही. अशा ठिकाणी डॉक्टर भेटेपर्यंतचा काळ घरच्या माणसांच्या हाती असतो. त्या काळात काय करावे आणि काय टाळावे, हे एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते : विष शरीरात कोणत्या वाटेने गेले?

शब्दांची कुळे

‘पॉयझन’ हा शब्द लॅटिनमधील ‘पोटिओ’, म्हणजे पेय, या शब्दापासून आला. आपल्या ‘पिणे’ या क्रियापदाशी त्याचे दूरचे नाते आहे. ‘व्हेनम’चे मूळ ‘वेनेनम’ या लॅटिन शब्दात आहे. त्याचा आरंभीचा अर्थ प्रेमासाठी दिलेला काढा असा असावा आणि त्याचा संबंध व्हीनस देवतेशी असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. मौज अशी, की आपल्या संस्कृत ‘विष’ शब्दाचा खरा सोयरा या दोहोंपैकी एकही नाही. तो आहे ‘व्हायरस’! लॅटिनमध्ये त्याचाही अर्थ विष असाच होता.

आजच्या शास्त्रीय वापरात मात्र दोन्ही शब्दांचे अर्थ नेमके झाले आहेत. प्राण्याच्या ग्रंथीत तयार होणारे आणि दात, नांगी किंवा काटा यांच्या साहाय्याने दुसऱ्याच्या शरीरात टोचले जाणारे ते व्हेनम. गिळल्याने, श्वासावाटे किंवा त्वचेतून शरीरात जाऊन अपाय करणारे ते पॉयझन. म्हणून नाग ‘व्हेनमस’, तर धोतरा ‘पॉयझनस’. मराठीत मात्र दोन्ही ‘विषारी’च.

आपल्या परंपरेत वर्गीकरण नव्हते, असे नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विषाचे स्थावर आणि जंगम असे दोन प्रकार सांगितले आहेत. वनस्पती व खनिजे यांचे ते स्थावर, प्राण्यांचे ते जंगम. ही विभागणी विषाच्या उगमावरून केलेली आहे, तर इंग्रजी शब्दांचा भेद प्रामुख्याने प्रवेशाच्या वाटेवरून पडतो. शिवाय आपली बोलीही या बाबतीत गाफील नाही. साप डसतो, विंचू नांगी मारतो, अन्न मात्र बाधते. ‘दंश’ आणि ‘बाधा’ या दोन शब्दांत तोच भेद दडलेला आहे. तो आपण नीट ऐकत नाही, एवढेच.

दंशाचे विष

सापाचे विष हे मुख्यतः प्रथिनांचे मिश्रण असते. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारे संदेश रोखते. पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास मंदावतो. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागते. म्हणूनच रुग्णालयात स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटे स्थिर ठेवतात आणि ते गोठले की नाही, हे पाहतात. साधीच चाचणी, पण मोलाची.

मण्यारीबाबत विशेष सावध राहावे. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंशाची जागा पुष्कळदा दिसतही नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येऊन जाग येते, पापण्या मिटू लागतात आणि घरचे लोक अपचन समजून ओवा देतात. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी उघडत नसतील, तर प्रथम सर्पदंशाची शंका घ्यावी.

या विषावर उतारा आहे. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा टोचून त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून सर्पविषरोधक लस बनवतात. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेचे या क्षेत्रातील काम जुने आहे. या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. तिची मात्रा रुग्णाच्या वजनावर ठरत नाही. साप लहान मुलाला आणि प्रौढाला विष सारखेच टोचतो, म्हणून लसही सारखीच लागते. हा नियम गोळ्या-औषधांच्या नेहमीच्या हिशेबापेक्षा निराळा आहे.

विंचवाचे विषही दंशाचेच. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने हृदय निकामी होऊन अनेक मुले दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण भागात काम करताना या विषाचा हृदयावरील परिणाम अभ्यासला. त्यांची निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून त्यांनी अनेकांचे प्राण वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. विष नेमके काय बिघडवते, हे कळल्यावर उपचाराची दिशा सापडते, याचे हे आपल्या मातीतील उदाहरण.

‘औषध’ नावाचे विष

आता दुसरी वाट. मोगली एरंडाच्या बिया खाऊन मुलांना उलट्या होणे, शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेले रॉकेल लहानग्याने पिणे, कीटकनाशक पोटात जाणे, या सर्व ‘पॉयझन’च्या घटना. यांत कीटकनाशकाचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे आणि तेथेही शब्द आपल्याला फसवतो. आपल्या शेतकऱ्याच्या बोलीत कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. टोमॅटोवर औषध मारले, द्राक्षाला औषध सोडले. पिकाच्या दृष्टीने ते औषध असेलही, पण माणसासाठी ते विष आहे. औषध म्हटले, की हात निर्धास्त होतात. मग उघड्या हाताने द्रावण ढवळले जाते, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी होते आणि त्याच हाताने तंबाखू मळली जाते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधित झाले आणि अनेकांचा मृत्यू झाला. त्यांनी विष प्यायले नव्हते. श्वासातून आणि त्वचेतून ते शरीरात गेले होते. पॉयझन म्हणजे पोटात गेलेलेच, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे.

कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. हिरव्याचा अर्थ ‘निर्धोक’ नव्हे, ‘तुलनेने कमी विषारी’ एवढाच आहे.

उपचारांची अदलाबदल

एकाच शब्दामुळे होणारे सर्वांत मोठे नुकसान येथे आहे. साप चावलेल्या माणसाला तूप पाजतात, मीठपाणी देऊन उलटी करवतात, कडुनिंबाचा पाला किंवा मिरची खायला घालून ‘विष चढले का’ ते पाहतात. हे विष पोटात नसतेच, ते ऊतींतून आणि रक्तातून पसरत असते. उलटी करवून ते बाहेर येणार कसे? उलट गिळण्याची शक्ती कमी झालेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत तेच तूप-पाणी जाण्याची भीती असते. जखम कापणे, तोंडाने विष ओढणे, दोरीने करकचून बांधणे यांनीही लाभ होत नाही. घट्ट बांधल्याने रक्तपुरवठा थांबून हात किंवा पाय गमावण्याची वेळ येते.

मांत्रिकाच्या यशाचे रहस्यही समजून घ्यावे. आपल्याकडील बहुसंख्य साप बिनविषारी आहेत आणि विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष टोचतोच असे नाही. असा रुग्ण मंत्राविनाही वाचला असता. खरे विष चढलेल्या रुग्णाचा वेळ मात्र तेथे कायमचा जातो.

याउलट रॉकेल, आम्ल किंवा फरशी धुण्याचे तीव्र द्रव पोटात गेले असता घाईने उलटी करवणे घातक ठरते. रॉकेल फुफ्फुसात शिरते, आम्ल अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळते. आणि सर्पविषरोधक लस गिळलेल्या विषावर मुळीच चालत नाही, कारण ती त्या सापांच्या प्रथिनांसाठीच घडवलेली असते.

घरच्यांनी काय करावे?

दंश झाला असेल, तर रुग्णाला धीर द्यावा व चालू देऊ नये. अंगठी, बांगडी, पैंजण काढावे. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी किंवा काठी सैलसर बांधून हात अथवा पाय स्थिर ठेवावा. सापाच्या मागे लागू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तिला उशीर होणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने निघावे. लक्षणे नसली, तरी रुग्णाला २४ तास वैद्यकीय देखरेखीखाली ठेवावे.

विष पोटात गेले असेल, तर उलटी करवू नये, दूध-तूप पाजू नये. शुद्ध हरपत असेल, तर कुशीवर झोपवावे. कीटकनाशक अंगावर सांडले असेल, तर हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांत घालून रुग्णाचे कपडे काढावेत आणि अंग साबणाने भरपूर पाण्यात धुवावे. डबा किंवा त्याचे लेबल सोबत न्यावे, कारण उपचार त्यावरील नावावर ठरतात. कोणी हेतुपुरस्सर विष घेतले असेल, तर लाजेपोटी ते लपवू नये. डॉक्टरांना खरे सांगण्यात रुग्णाचा जीव आहे. मन खचलेल्या माणसासाठी १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ची सरकारी सेवा विनामूल्य उपलब्ध आहे.

प्रतिबंध तर अगदी साधा आहे. रात्री बॅटरी घेऊन चालावे, बांधावर व गवतात बूट घालावेत, खाटेवर झोपावे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. कीटकनाशक मूळ डब्यात, कुलपात ठेवावे. शीतपेयाच्या बाटलीत ते कधीही ओतू नये.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८ हजार मृत्यू झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील पुष्कळसे मृत्यू खेड्यांत आणि पावसाळ्यात झाले. लस उपलब्ध असताना हे व्हावे, याचे एक कारण वाया गेलेला पहिला तास हे आहे.

तेव्हा वाचकहो, विषाची घटना घडली की तीन गोष्टी मनात ठेवा आणि डॉक्टरांना त्याच क्रमाने सांगा : विष कोणत्या वाटेने गेले, केव्हा गेले आणि ते काय होते. तिसऱ्याचे उत्तर ठाऊक नसले तरी चालेल, आम्ही ते शोधू. पहिल्या दोहोंची उत्तरे मात्र घरच्यांनाच द्यावी लागतात.