वास्तू वास्तुविशारदाची, मग छायाचित्र कोणाचे?

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने हडपसर ओलांडले की हवेली तालुक्यातले लोणी काळभोर लागते. तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाचे हे गाव. त्याच्या शिवारातील, एकेकाळी राज कपूर यांच्या मालकीच्या असलेल्या राजबागेत आज वास्तुकला, डिझाईन आणि चित्रपटकला शिकवणारे विद्यापीठ उभे आहे. अशा विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी काही जण वास्तुछायाचित्रणाचा व्यवसाय पत्करतात. वास्तुविशारद, अंतर्गत सजावटकार आणि बिल्डर ही त्यांची गिऱ्हाइके. या व्यवसायाचा प्रश्न काढला की चळवळीतले कार्यकर्ते हसतात. बंगल्यांचे फोटो काढणाऱ्यांशी कष्टकऱ्यांच्या पक्षाचा काय संबंध, असे त्यांना वाटते. हे हसू अज्ञानातून आलेले आहे.

या कामाचे स्वरूप आधी समजून घेतले पाहिजे. इमारतीच्या कोणत्या अंगावर कोणत्या वेळी ऊन पडते, हे पाहून छायाचित्रकार पहाटे तिथे पोहोचतो. भिंती तिरप्या दिसू नयेत म्हणून खास भिंग वापरतो. आतले दिवे आणि बाहेरचे आभाळ यांचा मेळ बसणारी संध्याकाळची मोजकी मिनिटे साधण्यासाठी दिवसभर थांबतो. नंतर संगणकापुढे बसून एकेका चित्रावर तासन् तास घालवतो. कॅमेरा त्याचा, भिंगे त्याची, त्यांचे हप्तेही त्याचेच. पैसे मात्र एकदाच मिळतात. पुढे तेच चित्र वास्तुविशारदाच्या माहितीपत्रकात जाते, फरशीच्या कंपनीच्या जाहिरातीत झळकते, फर्निचरवाल्याच्या दुकानात टांगले जाते. प्रत्येक जण त्यातून धंदा करतो. ज्याने ते काढले त्याचे नावही अनेकदा खाली नसते.

इचलकरंजी-भिवंडीतली मजुरीवर कापड विणून देण्याची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चित्र नवे वाटू नये. तिथे माग विणणाऱ्याचा. सूत आणि कापड व्यापाऱ्याचे. साधन हाती असले म्हणजे माणूस मालक होत नाही. उत्पादनावर हक्क नसलेला साधनधारक हा मजूरच असतो, आणि ‘स्वतंत्र व्यावसायिक’ या गोंडस नावाने त्याचे मजूरपण झाकले जाते.

ही केवळ गिऱ्हाइकांची अरेरावी असती तर तिचा निषेध करून थांबता आले असते. परंतु तिला कायद्याचा आधार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार कृतीचा कर्ता हाच तिचा पहिला मालक. पण त्याच कलमाला अपवाद जोडलेला आहे. कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र काढले आणि वेगळा करार केला नाही, तर मालकी पैसे देणाऱ्याची. चित्र, कोरीवकाम आणि चित्रपट यांनाही हा अपवाद लागू आहे. वास्तुशिल्पाचे नाव मात्र त्या यादीत नाही. वास्तुशिल्प ही कायद्याने कलाकृतीच मानलेली आहे. म्हणजे बिल्डरकडून शुल्क घेऊन इमारतीचा आराखडा करणारा स्वतंत्र वास्तुविशारद आपल्या कृतीचा मालक राहतो. आणि त्याच वास्तुविशारदाकडून शुल्क घेऊन त्या इमारतीचे छायाचित्र काढणारा आपल्या कृतीला मुकतो. दोघेही कर्ते, दोघेही मोबदला घेणारे. मग एकाला न्याय आणि दुसऱ्याला अपवाद, हा भेद कोणत्या तत्त्वावर?

तत्त्व शोधू गेल्यास इंग्रजांचे दप्तर तेवढे सापडते. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्यातील ही तरतूद १९१४ साली हिंदुस्थानात आली आणि स्वातंत्र्यानंतरही राहिली. ज्यांनी ती आणली त्या ब्रिटनने १९८८ च्या कायद्यात ती काढून टाकली. साहेबाने टाकून दिलेला कोट इथला कायदा अजून अंगावर मिरवतो आहे.

यावर ठरलेले उत्तर असे, की करार करून हक्क राखण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. छायाचित्रकाराने ती वापरावी. करारस्वातंत्र्याचा हा युक्तिवाद गिरणीमालकांनीही कामाच्या तासांच्या बाबतीत केला होता. पहिलेच काम मिळवू पाहणारा लोण्याचा पदवीधर आणि नावाजलेली वास्तुसंस्था हे दोन पक्ष फक्त कागदावर समान असतात. कराराचा आग्रह धरणाऱ्याला डावलून न धरणाऱ्याला काम देता येते, हे दोघांनाही पक्के ठाऊक असते. म्हणूनच लेखी करार नसताना मालकी कोणाकडे, याला निर्णायक महत्त्व आहे. दुबळ्या पक्षाचे रक्षण तिथेच व्हायला हवे; आजचा कायदा तिथेच त्याला उघडे पाडतो.

हे बदलणे अशक्य नाही. चित्रपटातील गीत-संगीताची मालकी याच कलमाच्या आधारे निर्मात्याची ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला होता. गीतकार-संगीतकार गप्प बसले नाहीत. संघटितपणे झगडले, जावेद अख्तर यांनी राज्यसभेत बाजू मांडली, आणि २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटात समाविष्ट झालेल्या कृतींच्या कर्त्यांचे हक्क या अपवादातून सुटले. त्याच दुरुस्तीने छायाचित्रावरील हक्काची मुदत वाढवून कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत नेली. मालकी कोणाची, या प्रश्नाला मात्र हात लावला नाही. गाईचे आयुष्य वाढले, दावे दुसऱ्याच्याच गोठ्यात राहिले. गीतकारांना संघटना होती, छायाचित्रकार सुटेसुटे होते, फरक एवढाच.

छायाचित्रकारांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. त्यांच्या चित्रांत इमारत असते, आभाळ असते, पण गवंडी, सुतार, घमेली वाहणारी बाई कधी नसते. ओळंब्यात उभी राहिलेली भिंत आपोआप उगवल्यासारखी दिसते. दुसऱ्याचे श्रम चौकटीबाहेर ठेवणाऱ्याचे श्रमही उद्या चौकटीबाहेर पडतात. ज्याला चित्राखाली आपले नाव हवे, त्याने इमारत बांधणाऱ्यांच्या नावांचाही आग्रह धरावा. दोघांची लढाई एकच आहे.

मागण्या स्पष्ट आहेत. कलम १७ मधील छायाचित्राविषयीचा अपवाद रद्द व्हावा. तोवर प्रत्येक कामाचा लेखी करार व्हावा, त्यात वापर कोणी, कुठे आणि किती काळ करायचा हे लिहिलेले असावे, आणि प्रत्येक नव्या वापराचा वेगळा मोबदला मिळावा. चित्राखाली नाव हवेच. मालकी गेली तरी कर्तेपण सांगण्याचा हक्क कलम ५७ ने शाबूत ठेवला आहे. तो मागून घेण्याची हिंमत हवी. आणि ही हिंमत एकट्यादुकट्याला परवडत नाही. लोणी काळभोरपासून मुंबईपर्यंत विखुरलेल्या या तरुणांना एका संघटनेत आणणे हे पक्षाच्या कार्यकर्त्यांचे काम आहे. कारखान्याच्या फाटकावर सभा घेणाऱ्यांनी आता स्टुडिओच्या दारापर्यंतही गेले पाहिजे.