शनिवारचा सिनेमा आणि आमचा जोश

आमच्या शाळेत शनिवारी रात्री जेवणानंतर सिनेमा दाखवतात. कोणता दाखवायचा ते हात वर करून ठरतं आणि दर वेळी ज्यात जास्त बॉम्ब फुटतात तोच निवडून येतो. मी चार वर्षं या मतदानात हात वर करतो आहे. पहिली तीन वर्षं माझं मतही बॉम्बलाच होतं. यंदा ते बदललं. का बदललं, हे सांगण्यासाठी मराठी पानावर ही जागा मागून घेतली आहे. सिनियर मला ‘बोअर’ म्हणतील, पण म्हणू देत.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: सैनिकावरच्या सिनेमातला सगळ्यात चांगला प्रसंग गोळीबार सुरू होण्याआधी असतो, नाहीतर तो संपल्यावर. मधली धडाधड बहुतेकांना जमते. आधीचं आणि नंतरचं ज्याला जमलं, तो सिनेमा रविवारच्या नाश्त्यापर्यंत डोक्यात राहतो.

सुरुवात ‘उरी’पासून करतो, कारण मी या शाळेत आलो तो त्या सिनेमामुळे. २०१९ च्या जानेवारीत तो आला तेव्हा मी तिसरीत होतो. खुर्चीच्या अगदी टोकावर बसून पाहिला. त्यानंतर कितीतरी दिवस मी घरातल्या प्रत्येकाला तो जोशचा प्रश्न विचारत फिरायचो. आजीने तर उत्तर पाठच केलं होतं आणि चहा गाळता गाळता ती ते ओरडून द्यायची. सैनिकी शाळेचा फॉर्म भरायचा हट्ट मी तेव्हापासून धरला. त्यामुळे ‘उरी’ला मी नावं ठेवणार नाही. विकी कौशल भारी आहे आणि रात्रीच्या कारवाईचा भाग आजही अंगावर येतो.

पण गेल्या वर्षी तो इथे पुन्हा पाहिला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. कारवाईच्या वेळी हॉलमध्ये शिट्ट्या होत्या. पूर्ण शांतता झाली ती एकदाच. शहीद अधिकाऱ्याची लहान मुलगी वडिलांना निरोप देताना रडत रडत त्यांच्या रेजिमेंटची घोषणा देते, तेव्हा. त्या प्रसंगात एकही गोळी नाही. तिसरीत असताना तो मी पाहिला असणारच, पण मला आठवतच नव्हता.

‘शेरशाह’ (२०२१) आमच्या हाऊसमध्ये सगळ्यांना तोंडपाठ आहे. कॅप्टन विक्रम बत्रा पालमपूरचे, १३ जम्मू-काश्मीर रायफल्सचे, परमवीर चक्र विजेते. सिद्धार्थ मल्होत्राने विक्रम आणि त्यांचा जुळा भाऊ विशाल, दोघांचं काम केलं आहे. माझी या सिनेमाबद्दल एकच तक्रार आहे, गाणी जास्त आहेत. (या वाक्यावरून डॉर्ममध्ये भांडण झालेलं आहे.) पण मला तो आवडतो तो एका वेगळ्या कारणाने. सिनेमा पाहिल्यावर आमच्या उस्तादांनी नकाशा वाचनाच्या तासाला विचारलं, “पॉइंट ५१४० म्हणजे काय?” कुणालाच सांगता येईना. मग त्यांनी सांगितलं, त्या शिखराची उंची ५१४० मीटर आहे म्हणून त्याचं नाव पॉइंट ५१४०. पॉइंट ४८७५ चंही तसंच. आमच्या क्रॉस कंट्रीतला चढ चढताना आमची जीभ बाहेर येते. हे लोक पाच हजार मीटरवर, रात्री, पाठीवर ओझं घेऊन, वरून गोळ्या येत असताना चढले. सिनेमात तो चढ काही मिनिटांत संपतो. उस्ताद म्हणाले, “पिक्चरवाले हमारी आधी नौकरी काट देते हैं. रायफल साफ करते हुए किसी को देखा है?” खरंच, मी अजून पाहिलेलं नाही.

ही ‘आधी नौकरी’ थोडीफार दाखवणारा सिनेमा म्हणजे ‘लक्ष्य’. तो २००४ चा, म्हणजे आमच्या जन्माच्याही आधीचा आहे. नव्या सिनेमांच्या यादीत तो बसत नाही, पण त्याच्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. सातवीत असताना दिवाळीच्या सुट्टीहून परत आल्यावर एक दिवस मी बॅग भरली होती. कारण फार मोठं नव्हतं. फॉल-इनला उशीर झाला, शिक्षा झाली, गुडघे सोलले आणि त्याच रात्री मेसमध्ये घरच्यासारखा वरणभात खावासा वाटला. बस किती वाजता मिळते तेही मी विचारून ठेवलं होतं. माझ्या शेजारच्या पलंगावर मदुराईचा मुलगा आहे. त्याने बॅग पाहिली, कुणाला काही सांगितलं नाही, फक्त घरून आणलेल्या मुरुक्कूचा डबा माझ्या उशीजवळ ठेवला. रडत रडत मुरुक्कू खाता येत नाही, मोठा आवाज होतो. मी राहिलो.

महिन्याभराने ‘लक्ष्य’ लागला. त्यातला करण, म्हणजे हृतिक रोशन, इंडियन मिलिटरी अकादमीतून शिक्षेला कंटाळून पळून घरी येतो. मला वाटलं, कुणीतरी हाऊस मास्तरांना माझं नाव सांगून तो सिनेमा मुद्दाम लावला आहे. पुढे करण स्वतःहून परत जातो, आणि परत गेल्यावर त्याला आधीच्यापेक्षा जास्त सोसावं लागतं. कारगिलचा कडा तो चढतो ते सगळ्यांना आठवतं. माझ्यासाठी खरा कडा अकादमीचं फाटक होतं, तोंड लपवून पळालेला माणूस ज्यातून पुन्हा आत जातो. (मराठी पानासाठी खास माहिती: त्यातले कमांडिंग ऑफिसर कर्नल दामले आहेत. अमिताभ बच्चन दामले झालेले पाहून आम्ही महाराष्ट्राच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.)

आता ‘सॅम बहादूर’ (२०२३). मेघना गुलजारचा हा सिनेमा लागला त्या रात्री अर्धा हॉल झोपला. मीही मान्य करतो की तो सामान्यज्ञानाच्या पुस्तकासारखा एका प्रसंगावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. पण त्यात एप्रिल १९७१ ची बैठक आहे. पंतप्रधान इंदिरा गांधींना पूर्व पाकिस्तानात लगेच कारवाई हवी आहे आणि माणेकशॉ सांगतात, आत्ता नाही. पावसाळ्यात तिकडच्या नद्या समुद्रासारख्या होतात, सैन्याची जमवाजमव झालेली नाही, हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बंद झाल्या की चीनची काळजी कमी होईल. देशाच्या पंतप्रधानांना तोंडावर ‘नाही’ म्हणणं आणि त्याची कारणं देणं! डिसेंबरात युद्ध झालं ते तेरा दिवसांत संपलं आणि ९३,००० जण युद्धकैदी झाले. सिनेमात युद्ध थोडक्यात उरकलं आहे, असं मित्र म्हणतात. मला वाटतं युद्ध जिंकलं गेलं ते त्या बैठकीत आणि नंतरच्या आठ महिन्यांच्या तयारीत. वादविवाद स्पर्धेत भाग घेणाऱ्या प्रत्येकाने तो प्रसंग दोनदा बघावा.

‘चंदू चॅम्पियन’ (२०२४) हा माझ्या यादीतला घरचा सिनेमा, कारण मुरलीकांत पेटकर आमच्या सांगली जिल्ह्यातले, पेठ इस्लामपूरचे. सैन्याच्या ईएमई कोअरमध्ये होते आणि बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर अधू झालं. त्यानंतर ते पोहायला शिकले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक मिळवलं. कार्तिक आर्यन मला एरवी फारसा आवडत नाही, इथे मात्र त्याने खरी मेहनत घेतली आहे. युद्धाचा प्रसंग जोरदार आहेच. पण गोळी लागली तिथे गोष्ट संपत नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये आणि अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत. सुवर्णपदकानंतर बावन्न वर्षांनी! ‘नंतर’ किती लांबू शकतं ते बघा. हरियाणाच्या एका मित्राने मला विचारलं, “ये तेरे गाँव के हैं?” गाव वेगळं आहे, पण मी हो म्हटलं.

आता सैनिकाचा मला सगळ्यात भिडलेला प्रसंग सांगतो. तो युद्धपटात नाही, ‘पंचायत’ या मालिकेत आहे. फुलेरा गाव, सचिवजी, प्रधानजी, दुधी भोपळे आणि भांडणं. दुसऱ्या सीझनचे आठ भाग आम्ही घरी सगळ्यांनी मिळून पाहिले. सात भाग हसलो. आठव्यात उपप्रधान प्रल्हादचा मुलगा राहुल शहीद झाल्याची बातमी येते. राहुल पडद्यावर फारसा दिसतही नाही. दिसतो तो त्याचा बाप, आणि काय करावं ते न कळणारं गाव. फैजल मलिक नावाचा नट तिथे जवळजवळ काहीच करत नाही, आणि तरी त्याच्याकडे बघवत नाही. भाग संपल्यावर बाबांनी टीव्ही बंद केला. पुढचा सीझन कधी येणार, असं एरवी ते लगेच विचारतात. त्या दिवशी नाही विचारलं.

‘अमरन’ची गोष्ट यानंतरची. हा तमिळ सिनेमा २०२४ च्या दिवाळीत आला. मेजर मुकुंद वरदराजन, ४४ राष्ट्रीय रायफल्स, २०१४ मध्ये शोपियानला शहीद, मरणोत्तर अशोक चक्र. मदुराईच्या मित्राने मला सगळा सिनेमा अभिनयासकट आधीच सांगितला होता. तरी सुट्टीत घरी हिंदीत लावला. आईला मुद्दाम शेजारी बसवलं, कारण ही गोष्ट मुकुंदची बायको इंदू सांगते आणि साई पल्लवीचं काम आईला आवडेल अशी माझी खात्री होती. आवडलंही. पण मुकुंद पुन्हा काश्मीरला निघतो त्याच्या आसपास आई उठली. म्हणाली, “भाजी लागेल खाली.”

बराच वेळ आली नाही म्हणून मी आत गेलो. गॅस बंद होता. ती मेथी निवडत बसली होती.

मी म्हटलं, “आई, शेवट तरी बघ ना, सगळ्यात भारी शेवटच आहे.”

ती म्हणाली, “शेवट माहितीये मला.”

मी परत येऊन सिनेमा पूर्ण पाहिला. कारवाईचा भाग सुरू झाला आणि पहिल्यांदाच मला शिट्टी वाजवावीशी वाटली नाही. तिसरीपासून मी सांगतो आहे की मला एनडीएत जायचं आहे. हे मी स्वतःबद्दल बोलतो असं मला वाटायचं. पण ‘अमरन’मधली इंदू फोनची वाट बघते, ‘पंचायत’मधला प्रल्हाद अंगणात बसून राहतो. म्हणजे मी निवड करतो तेव्हा ती माझ्यापुरती राहत नाही. मला अजूनही जायचंच आहे. पण आता मी ते जरा हळू आवाजात सांगतो.

माझ्या मताला विरोध आहे, तोही मांडतो. मित्र म्हणतात, आठवडाभर पीटी, ड्रिल, प्रेप करून शनिवारी माणूस थकतो, तेव्हा त्याला जोश हवा, रडारड नको. आणि सगळेच रडण्याचा विचार करत बसले तर लढणार कोण? हा मुद्दा मला पटतो, निम्मा. जोश लागतोच. ‘उरी’ नसता तर मी इथे नसतो. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच्या थंडीत पीटीला उठताना डायलॉग कामाला येत नाही, हे आपण सगळे जाणतो. तिथे पुन्हा फाटकातून आत जाणारा करण कामाला येतो. शिवाय आपण सध्या कुठे आहोत? आपण सगळे ‘आधी’च्या भागातच आहोत. बूट पॉलिश करणारे, नकाशा चुकवणारे, घरची आठवण येणारे. स्वतःच्या आयुष्याचा भाग पडद्यावर आला की झोपायचं, हे काही बरोबर नाही.

म्हणून मनोरंजन समितीला माझी एक सूचना आहे. महिन्यातल्या चार शनिवारांपैकी तीन बॉम्बला द्या, माझी हरकत नाही, मीही शिट्ट्या वाजवीन. चौथ्या शनिवारी मतदान नको. त्या दिवशी ‘आधी’चा किंवा ‘नंतर’चा सिनेमा लावा. सुरुवात ‘पंचायत’च्या त्या आठव्या भागाने करता येईल. सिनेमा नसला तरी चालेल, उलट लवकर झोपायला मिळेल. आणि दुसऱ्या दिवशी उस्तादांना दहा मिनिटं द्या, त्यांना सांगू देत की काय कापलं आहे.

पालकांनाही एक विनंती होती. मुलं सुट्टीत घरी आली की त्यांच्याबरोबर ‘अमरन’ शेवटपर्यंत बघा, असं मी लिहिणार होतो. ते वाक्य मी खोडलं. आईने अजून शेवट पाहिलेला नाही आणि मी आग्रह करणार नाही. या सुट्टीत ‘पंचायत’चा पहिला सीझन पुन्हा लावू. मेथी निवडायला मी तिच्याबरोबर बसेन.