कोऱ्या पानांचा हिशेब

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीत विनोबा भावे १९३२ साली राहावयास आले आणि केवळ सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी तेथे केला. श्रमाला बाजारात किती दाम मिळतो आणि त्यावर माणूस जगू शकतो काय, हा हिशेब त्यांनी स्वतःच्या पोटावर मांडला. पुढे १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व जवळच मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली हातकागदाचे प्रयोग सुरू झाले. गांधीजी तर आलेल्या पत्रांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहीत. या गोष्टी जयंतीच्या भाषणांत कौतुकाने सांगितल्या जातात; त्यांतील अर्थशास्त्र मात्र भाषणाबरोबरच संपते.

२०२३-२४ च्या शैक्षणिक वर्षात राज्य शासनाने आठवीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांत कोरी पाने जोडली. दप्तराचे ओझे कमी व्हावे आणि गरीब पालकांचा वह्यांचा खर्च वाचावा, हा हेतू निःसंशय चांगला होता. प्रत्यक्षात मुले वह्या आणीतच राहिली आणि पुस्तकातील कित्येक पाने कोरीच राहिली. अखेर जानेवारी २०२५ मध्ये ही योजना रद्द करण्यात आली. शासनाने चूक मान्य केली हे बरेच झाले. पण चूक नेमकी कोणती, याची चर्चा झाली नाही.

ज्या पुस्तकात मुलाने लिहावयाचे, ते पुस्तक दुसऱ्या मुलाच्या उपयोगाचे राहत नाही. म्हणजे एरवी दोन-तीन वर्षे टिकणारी वस्तू शासनाने एका वर्षात रद्दी होईल अशी बनविली. हे सुचले, कारण कागद स्वस्त आहे अशी सर्वांची समजूत आहे.

ही स्वस्ताई कोठून आली, हे विदर्भाने तरी विचारावयास हवे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरची कागद गिरणी आहे आणि पूर्व विदर्भाच्या जंगलातील बांबू हा तिचा वर्षानुवर्षांचा कच्चा माल होता. गिरण्यांना तो शासनाशी झालेल्या दीर्घ मुदतीच्या करारांनी मिळे. जंगलालगतच्या गावांना त्यावर हक्क सांगता येत नसे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला, तरीही गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेला आपला बांबू स्वतः बाहेर पाठविण्याचा अधिकार हाती येण्यास २०११ साल उजाडले. कच्च्या मालाचा खरा धनी सौद्यात नसेल, तर वस्तूची किंमत कमी दिसणारच. गिरणीला लागणारे पाणी आणि तिचे सांडपाणी यांचाही पुरता जमाखर्च वहीच्या किमतीत उतरत नाही.

रद्दीवाला आहेच, असे यावर म्हटले जाईल. तो आहे, आणि त्याचे उपकार शहरांनी कधी मानलेले नाहीत. तथापि प्रत्येक फेरीत कागदाचा तंतू आखूड होतो. काही फेऱ्यांनंतर तो कामातून जातो. आणि एवढे रद्दीवाले असूनही आपल्या देशाला परदेशांतून रद्दी आयात करावी लागते. पुस्तक लगद्यात घालण्यापेक्षा दुसऱ्या हातात देणे केव्हाही स्वस्त.

गरिबाच्या मुलाने जुनेच पुस्तक का वापरावे, हा आक्षेप मात्र उडवून लावण्यासारखा नाही. नव्या पुस्तकाच्या वासाचा आनंद श्रीमंतांनीच का घ्यावा? त्यावर उपाय एवढाच, की परत केलेली पुस्तके वर्गातील सर्वांना सारखी द्यावीत आणि फाटक्यांची जागा नव्यांनी भरावी. पहिली-दुसरीच्या चिमुकल्यांना यातून खुशाल वगळावे. वाचलेल्या रकमेतून मात्र शाळेला वह्याच द्याव्यात. मुले लिहितात ती तेथेच.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. परीक्षा आटोपल्यापासून तोपर्यंत बरेच आठवडे हाती असतात. नालवाडीसारख्या गावच्या शाळेत पुस्तके मोजून, खळ लावून, पुठ्ठे चढवून ठेवण्यास तेवढा अवधी पुरतो.