न वाचता केलेली सही

मुलांच्या महाविद्यालयीन प्रवेशाच्या कागदांत रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार ते विद्यार्थी व पालक दोघांनीही द्यावयाचे असते. उधारीच्या वहीतील पै न् पै तपासणारे आपण ते क्वचितच वाचतो. (बँकेत जामीनदारही असेच सही करून मोकळे होत, नोटीस गेली की धावत येत.)

महाराष्ट्राचा कायदा त्याहून जुना, १९९९ चा. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करावयाची. प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास विद्यार्थी निलंबित आणि तक्रार पोलिसांकडे. न्यायालयात दोष सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, शिवाय पाच वर्षे अन्यत्र प्रवेश बंद.

मला खटकते ते विनियमांतील एक कलम: दोषी ओळखता आले नाहीत, तर सामूहिक शिक्षा. कृत, कारित आणि अनुमोदना या तिन्हींचा दोष आपण मानतो, हे खरे. परंतु भीतीने गप्प उभा राहिलेला पहिल्या वर्षाचा मुलगा अनुमोदक कसा ठरावा? त्याने त्याच दिवशी लेखी निवेदन देऊन पोच घ्यावी. संलग्न महाविद्यालयाने शिक्षा दिल्यास कुलगुरूंकडे अपील करता येते. त्यासाठी आदेशाची प्रत मागून घ्यावी.