खाष्ट बाईची भूमिका

गेल्या स्नेहसंमेलनातील एकांकिकेची पात्रे ठरत होती, तेव्हा कजाग जावेची भूमिका घ्यायला वर्गातील एकही मुलगी तयार होईना. अखेर ती माझ्या वाट्याला आली. मी चिंचोळी एमआयडीसीत राहते. आई तिथल्याच एका टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. प्रयोगाला तिच्या खात्यातल्या चार बायकाही आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर त्यांतली एक म्हणाली, "काय गं, सासरी गेल्यावर अशीच नांदणार व्हय?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्याच एकांकिकेत बायकोला मारणाऱ्या दारुड्या नवऱ्याचे काम करणाऱ्या वर्गबंधूला मात्र "काय काम केलंस रे!" अशी शाबासकी मिळाली, ही गोष्ट मनाला लागून राहिली.

तेव्हापासून शशिकला यांचा विचार माझ्या मनात घोळतो आहे.

हिंदी चित्रपटांतील ही प्रख्यात 'खलनायिका' आपल्या सोलापूरची, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? ४ ऑगस्ट १९३२ रोजी त्यांचा जन्म सोलापुरात एका मराठी कुटुंबात झाला. आडनाव जवळकर. लहानपणीच त्या नाचू-गाऊ लागल्या. पुढे वडिलांच्या व्यवसायाचे दिवाळे निघाले आणि हे कुटुंब पोटासाठी मुंबईला गेले. तेथे नूरजहाँ यांच्या ओळखीने त्यांना १९४५ च्या 'झीनत' या चित्रपटातील कव्वालीच्या प्रसंगात उभे राहायला मिळाले. वय अवघे बारा-तेरा वर्षांचे! ज्या वयात आपण शाळेची वही हरवली म्हणून रडतो, त्या वयात ही मुलगी घरासाठी कमावू लागली होती.

पुढची वाट सोपी नव्हती. १९५३ मध्ये व्ही. शांताराम यांच्या 'तीन बत्ती चार रास्ता'त त्या दिसल्या. १९५९ च्या बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त त्यांनी प्रेमळ बहीण रंगविली. मग १९६२ चा 'आरती' आला आणि घरात कलह माजविणारी बाई त्यांनी अशी उभी केली की, त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. लगोलग 'गुमराह'साठी (१९६३) तोच पुरस्कार पुन्हा मिळाला. पण या यशानेच त्यांच्यावर शिक्का बसला. १९६६ च्या 'अनुपमा'त त्यांनी हसरी, खेळकर मैत्रीण साकारली, तरी लोकांच्या लक्षात राहिली ती कपटी बाईच!

कोणी म्हणेल, नटाला लोकांनी शिव्या द्याव्यात हीच त्याच्या कामाची पावती नव्हे काय? मान्य आहे. पण ही पावती सर्वांना सारखी फाडली जाते काय? सोलापुरातच वाढलेल्या अतुल कुलकर्णी यांचे उदाहरण घ्या. 'हे राम' (२०००) आणि 'चांदनी बार' (२००१) या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्या दोन्ही भूमिका काही सज्जन माणसांच्या नव्हत्या. तरीही आपण त्यांना 'समर्थ अभिनेता' म्हणतो आणि ते योग्यच आहे. मग शशिकलांचे नाव निघताच 'ती दुष्ट बाई' एवढेच का आठवावे? पुरुषाने वाईट माणूस रंगविला की ती कला ठरते. बाईने वाईट बाई रंगविली की तो तिचा स्वभाव ठरतो! वस्तुतः कष्ट दोघांचे सारखेच असतात. किंबहुना, नायिका पुढे उठून दिसावी म्हणून लोकांचा राग स्वतःच्या अंगावर घ्यायचा, हे काम अधिक अवघड आहे.

ही बाई पडद्याबाहेर कशी होती? मध्यंतरी त्या मदर तेरेसा यांच्या सेवाकार्यात रमल्या. पुढे 'सोनपरी'सारख्या दूरचित्रवाणी मालिकेमुळे लहान मुलांच्याही ओळखीच्या झाल्या. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. साठ-सत्तर वर्षे टिकून राहणे हे केवळ डोळे वटारून साधत नाही.

माझी एक साधी सूचना आहे. आपल्या स्नेहसंमेलनात नायक-नायिकांना पारितोषिके मिळतात. सहाय्यक भूमिकेसाठीही एक पारितोषिक असावे आणि ते शशिकला यांच्या नावाने द्यावे. गिरण्यांच्या या गावातून पोटासाठी बाहेर पडलेल्या एका मुलीची तेवढीच आठवण राहील.

हे सारे मी आईला सांगितले. ती टॉवेलच्या घड्या घालून दुखणारी बोटे चोळत ऐकत होती. मग म्हणाली, "अगं, आम्ही किती बोटं मोडलीत त्या बाईच्या नावानं! आणि ती आपल्याच गावची, घरासाठी राबणारी निघाली व्हय!"

वाचकहो, पुढच्या वर्षीच्या एकांकिकेत एखादी खाष्ट सासू असलीच, तर ती भूमिका मी मागून घेणार आहे.