काखेत कळसा, गावाला वळसा



पूर्णा तालुक्यातल्या एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. ते लिहितात, मुलगी परभणीला शेतकीचे शिक्षण घेते. तिच्यासाठी 2020 साली लॅपटॉप घेतला. महाडीबीटीचे अर्ज, सातबाराचा उतारा, सगळे त्यावरच चालते. परवा तो सुरूच होईना. दुकानदार म्हणाला, "विंडोज नव्याने टाकावी लागेल. ओरिजिनल पाहिजे तर परवान्याचे काही हजार लागतील. नाहीतर पाचशेत मारून देतो." सोयाबीनचे पैसे नुकतेच आले आहेत, पण रब्बीचे बी-खत घ्यायचे आहे. मुलीची परीक्षाही तोंडावर आहे. काय करावे?

बंधूंनो, एवढ्यात पैसे काढू नका. आधी कपाटातली पावती काढा. पावतीवर लॅपटॉप विंडोजसह विकल्याचे लिहिले असेल, तर परवान्याचे पैसे तुम्ही 2020 सालीच मोजले आहेत. तेच पुन्हा का मोजायचे?

परवाने मुख्यत: दोन तऱ्हेचे असतात. एक यंत्राबरोबर येतो, दुसरा सुटा विकत मिळतो. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिला म्हणजे शेतातली विहीर आणि दुसरा म्हणजे विहिरीवरची मोटार. शेत विकले की विहीर शेताबरोबर जाते, ती उचलून दुसऱ्या गटात नेता येत नाही. मोटार मात्र सोडवून दुसऱ्या विहिरीवर बसवता येते. पण एका वेळी एकाच विहिरीवर! सुट्या परवान्याचेही तसेच आहे. जुन्या यंत्रावरून काढावा, मग नव्यावर लावावा.

आता विंडोज नव्याने टाकणे म्हणजे काय? शेत नांगरून पुन्हा पेरणे. नांगरट केली म्हणून विहीर बुजत नाही. 2012 साली विंडोज 8 आली, तेव्हापासून कंपन्या परवान्याची चावी, म्हणजे तो लांबलचक क्रमांक, यंत्राच्या मुख्य पाटीतच भरून ठेवतात. या पाटीला मदरबोर्ड म्हणतात. शिवाय 2015 सालच्या विंडोज 10 पासून त्या यंत्राची नोंद मायक्रोसॉफ्टकडेही राहते. हार्डडिस्क बदलली, रॅम वाढवली, तरी परवाना जात नाही.

मग दुकानात अडते कुठे? आपल्याकडच्या पुष्कळ लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' नावाची आवृत्ती येते. दुकानदार घाईत 'प्रो' टाकून देतो. सिंगल लँग्वेजचा परवाना प्रोला लागू पडत नाही. मग पडद्यावर सूचना येते आणि आपल्याला वाटते परवाना संपला. म्हणून दुकानात तीन गोष्टी स्पष्ट सांगा.

एक, आधी मुलीच्या वह्या, फोटो, कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. दोन, पूर्वी होती तीच आवृत्ती टाका. ती मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते, 8 जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. चावी मागितली तर 'माझ्याकडे नाही' हा पर्याय निवडून पुढे जा. तीन, टाकून झाल्यावर इंटरनेट जोडा आणि सेटिंगमध्ये 'ॲक्टिव्हेशन' उघडून दाखवा. तिथे 'ॲक्टिव्ह' दिसले की झाले. द्यायची ती फक्त मजुरी.

विंडोज 10 ची नेहमीची देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली आहे. तेव्हा लॅपटॉप त्या योग्यतेचा असेल, तर विंडोज 11 घ्यावी. 10 चा खरा परवाना असलेल्या यंत्रावर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

सुटा परवाना मग घ्यावा केव्हा? पावतीवर 'डॉस' किंवा 'लिनक्स' लिहिले असेल तेव्हा. असा लॅपटॉप स्वस्त मिळतो, कारण त्यात विहीरच नसते. दुसरे, हमीची मुदत संपल्यावर मदरबोर्ड जळून नवा टाकावा लागला तर. पाटीबरोबर परवानाही गेला असे समजा. जुन्या लॅपटॉपवर एवढा खर्च करण्याआधी मात्र विचार करा. घेतलाच तर पेटी, पावती आणि चावी जपून ठेवा, म्हणजे पुढच्या यंत्राला तो कामी येईल.

ज्यांना अर्ज भरणे, टंकलेखन आणि इंटरनेट एवढेच हवे, त्यांनी उबुंटू किंवा आपल्या सी-डॅकची 'बॉस' बघावी. दोन्हींना परवान्याचे पैसे लागत नाहीत आणि मराठीही चालते. फक्त मुलीच्या कॉलेजचे काम त्यावर होते का, ते आधी विचारून घ्या.

राहिली ती पाचशेवाली. ती चोरीची. कुलूप तोडून आत शिरवलेल्या विंडोजबरोबर आणखी काय शिरले, ते ना आपल्याला दिसते ना दुकानदाराला. त्याच यंत्रावर आपण बँकेचा सांकेतिक शब्द टाकतो, पीककर्जाचे खाते उघडतो. बिनलेबलाचे बी स्वस्त मिळाले म्हणून आपण पेरत नाही. मग हे का पेरावे?

पूर्णेच्या बंधूंनो, आज पावती शोधा आणि उद्या दुकानात जाताना मुलीलाही बरोबर न्या. ॲक्टिव्हेशनचे पान तिलाच उघडून बघू द्या. पुढच्या वेळी कुणाला विचारायची गरज पडणार नाही. आणि काय झाले ते कळवायला विसरू नका. सोयाबीनचे पैसे रब्बीलाच लागोत!