दिव्यांग प्रमाणपत्राचे अपील : हक्क आहे, ऐकणारे अपुरे

गेल्या काही महिन्यांत आपल्या मंडळाच्या कार्यालयात दिव्यांग प्रमाणपत्राविषयी विचारायला येणारे सभासद वाढले आहेत. त्यांतल्या एका कुटुंबाची अडचण इथे मांडतो, कारण ती त्यांची एकट्यांची नाही. मुलगा जन्मापासून एका पायाने अधू. पहिले प्रमाणपत्र तात्पुरते होते, त्यावर ४५ टक्के लिहिले होते. मुदत संपल्यावर पुन्हा तपासणी झाली आणि नव्या कागदावर ३८ आले. पाय तोच, चालणेही तसेच. फरक का पडला, हे कोणी सांगितले नाही.

सात टक्क्यांनी काय बिघडले? दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ नुसार ४० टक्के ही सीमारेषा आहे. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा आणि सरकारी नोकरीतले ४ टक्के आरक्षण त्या रेषेच्या पलीकडे आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शनसाठी तर दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि किमान ८० टक्के अशी अट आहे. केंद्राचा वाटा महिना ३०० रुपयांचा, म्हणजे अगदी तुटपुंजा. पण ज्या घरात तोच आधार आहे, तिथे ७८ आणि ८० यांत फार मोठे अंतर असते. शिवाय हे प्रमाणपत्र देशभर चालते. इंदूरला मिळालेला कागद पुण्याच्या कॉलेजातही मान्य होतो, त्यामुळे इथली चूकही मुलाबरोबर तिकडे जाते.

कायद्याने या चुकीवर उपाय ठेवला आहे. कलम ५९ नुसार राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. नियमांप्रमाणे त्यासाठी निर्णयापासून ९० दिवस मिळतात आणि अज्ञान मुलाच्या वतीने पालक अपील करू शकतात. अडचण पुढे आहे. अपील कुठे द्यायचे, हे अनेकांना प्रमाणपत्र देणाऱ्या खिडकीवरही कळत नाही. फेरतपासणी करायला पुन्हा तेच मोजके सरकारी तज्ज्ञ. अस्थिरोग, मेंदूविकार, मानसोपचार या शाखांचे डॉक्टर आधीच कमी, आणि रोजची ओपीडी सांभाळून बोर्डावर बसायचे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ मध्ये ते २१ झाले. काम वाढले, त्या मानाने तपासणारे वाढले नाहीत. २०२४ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिने केली. ही त्या ताणाचीच कबुली आहे, असे आम्ही मानतो.

काही सभासद राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे जातात. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे अधिकार आहेत, पण शेवटी ते शिफारस करतात. संबंधित खात्याने तीन महिन्यांत काय केले ते कळवायचे, मान्य नसेल तर कारण द्यायचे. टक्केवारी बदलून देणारे हे दार नव्हे. आणि तेही सगळीकडे उघडे नव्हते. ज्या राज्यांनी आयुक्तच नेमले नव्हते, त्यांना ३० जून २०२४ पर्यंत नेमण्यास सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात न्यायालयाने महत्त्वाचे सांगितले : केवळ टक्केवारी पाहून प्रवेश नाकारू नका, बोर्डाने कारणे नोंदवावीत. स्वतंत्र अपील मंडळे होईपर्यंत अशा निर्णयांना न्यायालयात आव्हान देता येईल, असेही म्हटले. तो प्रश्न प्रवेशाच्या बोर्डाचा होता, प्रमाणपत्राचा नव्हे. पण अपील ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा हवी, हा मुद्दा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. न्यायालयाची पायरी चढणे सगळ्यांना परवडत नाही.

ब्रिटनमध्ये दिव्यांग भत्त्याचे अपील न्यायाधीश, डॉक्टर आणि दिव्यांगत्वाचा अनुभव असलेला सदस्य असे तिघे ऐकतात. सुनावणीपर्यंत पोचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या बाजूने निकाल लागतो. तिथेही ताटकळावे लागते, तेव्हा सगळे आदर्श आहे असे नाही. घेण्यासारखे इतकेच की चूक कागदावरून न मोजता माणसाला समोर बसवून ऐकले, तर बरेचदा निर्णय बदलतो.

म्हणून नुसती बोर्डांची संख्या वाढवून भागणार नाही. पहिल्याच तपासणीत आकड्याबरोबर चार ओळी कारणे लिहिली, तर निम्मे गैरसमज तिथेच मिटतील आणि अपील ऐकणाऱ्यांचेही काम हलके होईल. पहिल्या बोर्डावरचा डॉक्टर अपिलात नको. एक सदस्य डॉक्टर नसलेला, दिव्यांगांसोबत काम केलेला असावा. जिल्ह्यात तज्ज्ञ नसेल तर शेजारच्या जिल्ह्यातून ठरलेल्या दिवशी यावा. किती अपिले आली, किती निकाली निघाली, हे दर तिमाहीत जाहीर व्हावे. आणि आधीच मिळणारी पेन्शन अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबवू नये.

हे होईल तेव्हा होईल. तोवर सभासदांना विनंती : प्रमाणपत्रावरची तारीख पाहा आणि ९० दिवस मोजा. जुने प्रमाणपत्र, एक्स-रे, उपचारांचे कागद फेकू नका. अर्ज दिलात की पोच घ्या. अर्ज हिंदीत लिहायला अडचण असेल तर कार्यालयात या. वर सांगितलेल्या कुटुंबाचे अपील आपल्याच दोन निवृत्त सभासदांनी बसून लिहून दिले. निकाल अजून यायचा आहे. आला की इथेच कळवू.